कॉम्प्युटर स्लो झालाय? 'फॉरमॅट मारण्या'आधी हे उपाय करून बघा

तुमच्या हातातला साधा फोन दोन-तीन सेकंदांत व्हॉट्सअ‍ॅप उघडतो. पण घरातला जुना कॉम्प्युटर? बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा कपात येतो तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच असतं. एरवी आपण चालवून घेतो. पण अ‍ॅडमिशनच्या फॉर्मची शेवटची तारीख असते, फोनवर तो फॉर्म नीट उघडत नाही, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर हँग होतो.

मग तो दुकानात जातो आणि बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." आपण हो म्हणतो. दोन दिवसांनी कॉम्प्युटर घरी येतो, पळतोही चांगला, पण डेस्कटॉपवर ठेवलेले ताईच्या लग्नाचे फोटो कुठेच सापडत नाहीत.

मित्रांनो, फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. कॉम्प्युटर नेमका कशामुळे अडतोय हे पाच मिनिटांत घरीच कळू शकतं आणि निम्मे उपाय तर फुकट आहेत. हा लेख विंडोज १० आणि ११ धरून लिहिलाय. चला, एकेक पायरी पाहूया.

फोन फास्ट, मग कॉम्प्युटर स्लो का?

याचं उत्तर प्रोसेसरपेक्षा जास्त करून स्टोरेजमध्ये आहे. फोनच्या स्टोरेजमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. सगळा डेटा चिपमध्ये असतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मात्र हार्ड डिस्क असते. तिच्या आत चकत्या फिरत असतात आणि एक बारीक हात त्यांच्यावरून पुढे-मागे सरकत डेटा वाचतो. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला हे खूप वाटतं. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल वाचाव्या लागतात आणि प्रत्येक फाइलसाठी तो हात योग्य जागी जाऊन थांबावा लागतो. अशी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक छोट्या जागा वाचू शकते. चिपवर चालणारी एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो जागा वाचते.

दुसरा फरक सवयीचा आहे. मागे उघडी राहिलेली अ‍ॅप्स फोन स्वतःच बंद करत असतो. कॉम्प्युटर तसं करत नाही. तुम्ही खिडकी बंद केली तरी काही प्रोग्राम खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, चालूच राहतात.

सगळ्यात आधी: बॅकअप

फोनमधले फोटो बऱ्याचदा आपोआप क्लाउडवर जात असतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. कॉम्प्युटरमधले फोटो आपोआप जातीलच असं नाही. त्यामुळे काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल तिथून उघडूनही बघा.

तीन गोष्टी हमखास राहून जातात:

• डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. 'आम्ही फक्त सी फॉरमॅट करतो' असं कोणी म्हटलं, तर त्यात हे तिन्ही जातात.

• ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले बुकमार्क आणि पासवर्ड. ते अकाउंटशी सिंक झालेत का, ते बघा.

• जुने मराठी फॉन्ट. बाबांची पत्रं किंवा आईच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर तो फॉन्ट गेल्यावर फाइल उघडते पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. सी ड्राइव्हमध्ये विंडोज आणि त्यात फॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो. तिथून ते फॉन्टही कॉपी करून ठेवा.

आणि एक इशारा. कॉम्प्युटरमधून 'टक टक' असा आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना वारंवार एरर येत असेल, तर हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असू शकते. अशा वेळी साफसफाई, स्कॅन वगैरे काही करत बसू नका. आधी डेटा बाहेर काढा.

नाडी तपासा: टास्क मॅनेजर

डॉक्टर औषध देण्याआधी नाडी बघतात, तसंच इथे करायचं. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. वर सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील आणि प्रत्येकावर टक्के असतील.

कॉम्प्युटर सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर, तुम्ही काहीच करत नसताना हे आकडे बघा:

• डिस्क सतत ९० ते १०० टक्के: हार्ड डिस्कची दमछाक होतेय. जुन्या कॉम्प्युटरमध्ये हेच सर्वात जास्त दिसतं.

• मेमरी ८० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडतेय किंवा नको ते प्रोग्राम चालू आहेत.

• सीपीयू सतत वर: एखादा प्रोग्राम अडकलाय, अपडेट चालू आहे किंवा व्हायरस आहे.

रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. त्याचं नाव वहीत लिहून ठेवा. 'परफॉर्मन्स' या भागात गेलात तर तुमची डिस्क एचडीडी आहे की एसएसडी, रॅम किती आहे आणि रॅमचे किती स्लॉट भरलेत हेही कळतं. पुढे खर्च करायची वेळ आली तर ही माहिती लागणार आहे.

उपाय १: शटडाउन नाही, रीस्टार्ट

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शटडाउन केल्यावर विंडोजचा मुख्य भाग पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. म्हणजे रोज रात्री बंद करूनही जुना गुंता तसाच राहू शकतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करा.

तसंच, महिनाभर बंद असलेला कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी साठलेले अपडेट उतरवायला घेतो. अशा वेळी तो स्लो वाटणारच. त्याला तासभर इंटरनेट जोडून नुसता चालू ठेवा, मग रीस्टार्ट करा. फॉर्म भरायचा असेल तर हे काम आदल्या दिवशीच उरका.

उपाय २: स्टार्टअपची गर्दी कमी करा

प्रत्येक नवीन सॉफ्टवेअरला वाटतं, कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर आपणही सुरू व्हावं. पाच-सहा वर्षांत अशी पंधरा-वीस मंडळी दारात जमतात.

१. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' किंवा 'स्टार्टअप अ‍ॅप्स' उघडा.
२. ज्या नावापुढे 'हाय' लिहिलंय ते आधी बघा.
३. नको असलेल्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा.
४. रीस्टार्ट करा.

डिसेबल म्हणजे डिलीट नाही. ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये राहतंच, फक्त तुम्ही उघडाल तेव्हाच उघडतं. व्हिडिओ कॉलची, गेमची, टॉरेंटची अ‍ॅप्स आणि प्रिंटरची जादाची अ‍ॅप्स बिनधास्त बंद करा. अँटिव्हायरस, साउंड आणि टचपॅडशी संबंधित नावं मात्र राहू द्या. घरात कोणी रोज मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरत असेल तर तेही राहू द्या, नाहीतर उद्या सकाळी "टायपिंग बंद पडलं" म्हणून तुमच्याच नावाने हाका येतील.

उपाय ३: सी ड्राइव्हला श्वास घेऊ द्या

रॅम भरली की विंडोज सी ड्राइव्हचा थोडा भाग तात्पुरती मेमरी म्हणून वापरतं. अपडेटलाही तिथेच जागा लागते. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर कॉम्प्युटर अडखळणारच. साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवायचा प्रयत्न करा.

सेटिंग्जमध्ये जा, मग सिस्टिम, मग स्टोरेज, मग 'टेम्पररी फाइल्स'. इथे काय काय साठलंय याची यादी दिसते. विंडोजची जुनी आवृत्ती, अपडेटच्या उरलेल्या फाइल आणि टेम्पररी फाइल काढायला हरकत नाही. पण या यादीत 'डाउनलोड्स'ही असू शकतं. त्यावर डोळे झाकून टिक करू नका. हॉल तिकिटापासून बँकेच्या स्टेटमेंटपर्यंत सगळं तिथेच पडलेलं असतं. रिसायकल बिनही रिकामा करण्याआधी एकदा उघडून बघा.

फोनवरून आणलेले व्हिडिओ सी ड्राइव्हमध्ये असतील तर डी ड्राइव्हमध्ये हलवा. मात्र हा बॅकअप नाही, बरं का! बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

उपाय ४: ब्राउझर हलका करा

आजकाल कॉम्प्युटरवरचं निम्मं काम ब्राउझरमध्येच होतं आणि ४ जीबी रॅम असेल तर सगळ्यात जास्त मेमरीही तोच खातो.

• एक्सटेन्शन बघा. कधीतरी एका कामासाठी टाकलेली आणि आता आठवतही नसलेली काढून टाका.

• क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' आणि एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्स' चालू करा. न वापरलेले टॅब झोपी जातात.

• क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं.

• एखादी साइट उघडल्यावर उजव्या कोपऱ्यात सारख्या जाहिराती उगवत असतील, तर बहुधा तुम्ही कधीतरी नोटिफिकेशनला 'अलाउ' केलंय. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढा.

उपाय ५: व्हायरस तपासा, पण 'क्लीनर' टाकू नका

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, 'स्कॅन ऑप्शन्स' निवडा आणि 'फुल स्कॅन' लावा. जुन्या डिस्कवर याला काही तास लागू शकतात, म्हणून काम नसताना लावा. लपून बसलेल्या व्हायरससाठी तिथेच 'ऑफलाइन स्कॅन' आहे. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते.

'एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर दहापट फास्ट' असं सांगणारी क्लीनर आणि बूस्टर सॉफ्टवेअर मात्र टाळा. ती स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात, हजारो 'एरर' दाखवून घाबरवतात आणि मग पैसे मागतात. दोन अँटिव्हायरसही एकत्र ठेवू नका. प्रत्येक फाइल दोघंही तपासत बसले तर कॉम्प्युटर आणखी स्लो होतो.

उपाय ६: धूळ आणि उष्णता

कॉम्प्युटर सुरुवातीला ठीक चालतो, पण वीस मिनिटांनी पंखा घोंघावायला लागतो आणि सगळं संथ होतं? मग दोष बहुधा उष्णतेचा आहे. प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो.

डेस्कटॉप असेल तर ही सफाई घरी करता येते. दिवाळीच्या आवराआवरीत त्याचाही नंबर लावा:

१. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा.
२. बाजूचं झाकण उघडा.
३. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा. ब्लोअर वापरणार असाल तर लांबून मारा.
४. ओलं फडकं आतल्या भागांना लावू नका. पॉवर सप्लायचा डबा स्वतः कधीच उघडू नका, त्यात प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका. खालच्या जाळ्या बंद होतात. टेबल नसेल तर पाटावर किंवा जाड वहीवर ठेवा. आतली सफाई मात्र माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

आता खर्चाचे उपाय: एसएसडी की रॅम?

वरचं सगळं करूनही अडचण राहिली, तर वहीत लिहिलेले टास्क मॅनेजरचे आकडे काढा. निर्णय तेच सांगतील.

डिस्क सतत १०० टक्के आणि प्रकार एचडीडी: एसएसडी बसवा. जुन्या कॉम्प्युटरसाठी यापेक्षा जास्त फरक पाडणारा बदल क्वचितच असेल. बहुतेक जुन्या मशीनना २.५ इंची साटा एसएसडी चालते. विंडोज आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरसाठी २४० किंवा २५६ जीबी पुरते. डेस्कटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर ती फोटो-व्हिडिओंसाठी तशीच राहू शकते. लॅपटॉपमधून काढलेली डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बाहेरून वापरता येते.

मेमरी सतत भरलेली: रॅम वाढवा. ४ जीबीवरून ८ जीबी केली तर ब्राउझरचा फरक लगेच जाणवतो. पण खरेदीआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे रॅमचा प्रकार. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. दुसरी, सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे 'सिस्टिम टाइप' बघा. विंडोज ३२ बिट असेल तर ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल.

दुकानात जाताय? हे तीन प्रश्न विचारा

१. फॉरमॅट करणार असाल तर बॅकअप कोण घेणार? "आम्ही घेतो" म्हटलं तरी आपली एक कॉपी घरी ठेवाच.
२. एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क परत मिळेल ना? ती तुमची आहे, त्यात तुमचा डेटा आहे. परत घ्याच.
३. विंडोज ओरिजिनल टाकणार का? तुमच्या कॉम्प्युटरवर आधीच डिजिटल लायसन्स असेल, तर तीच एडिशन पुन्हा टाकल्यावर ती इंटरनेटवरून सहसा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. क्रॅकच्या वाटेने व्हायरस घरात येऊ शकतो.

नेहमी पडणारे प्रश्न

एसएसडीला डिफ्रॅग करायचं का?
नाही. डिफ्रॅग फिरणाऱ्या हार्ड डिस्कसाठी असतं. एसएसडीत फिरणारा हातच नाही, त्यामुळे फायदा नाही, उलट विनाकारण झीज होते. विंडोजला हा फरक कळतो आणि ते दोन्हींची योग्य ती देखभाल आपोआप करतं.

दर वेळी तारीख मागे जाते आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणतात. व्हायरस आहे का?
बहुधा नाही. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपली असेल. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला अवैध वाटतात. बॅटरी बदला, तारीख लावा.

विंडोज १० वापरत राहिलं तर चालेल का?
मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवलाय. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बऱ्याच जुन्या मशीनवर ते अधिकृतपणे चालत नाही. अशा कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टिम टाकता येते. ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ आणि अभ्यासासाठी ती पुरेशी आहे. ती पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते. पण कायमची टाकताना 'इरेज डिस्क' हा पर्याय सगळं पुसतो, म्हणून बॅकअप पुन्हा तपासा.

टाकून द्यायची वेळ आली तर?
डिस्क काढून घ्या किंवा पूर्ण पुसा आणि मग कॉम्प्युटर अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या. साध्या भंगारात नको.

थोडक्यात

आधी बॅकअप, मग टास्क मॅनेजरचे आकडे, मग फुकटचे सहा उपाय आणि शेवटी गरज असेल तरच खर्च. सगळं एकाच दिवशी करू नका. एक उपाय करा, रीस्टार्ट करा आणि कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा. कशाने फरक पडला ते तुम्हालाच कळेल. पुढच्या वेळी शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर स्लो झाला, तर 'फॉरमॅट मारा' म्हणण्याऐवजी तुम्ही आधी विचाराल, "काका, फोटोंचा बॅकअप घेतलाय ना?"